संग्रहालयातला संगणक वर्ग: आखणीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत

संग्रहालयाने लोकांसाठी संगणक वर्ग काढायचा ठरवला की पहिला मोह होतो तो एखाद्या तयार क्लासचा अभ्यासक्रम उचलण्याचा. पहिल्या दिवशी संगणकाचे भाग, दुसऱ्या दिवशी मेनूतली नावे, तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाइप करणे. असा वर्ग पार पडतो खरा, पण महिन्याभरात लोक सगळे विसरतात, कारण त्यातले काहीच त्यांचे स्वतःचे नसते. संग्रहालयाचे भांडवल वेगळे आहे. वस्तू कशी हाताळायची, तिची नोंद कशी ठेवायची, ती पन्नास वर्षांनी सापडेल अशी कुठे ठेवायची, हे तिथल्या माणसांचे रोजचे काम. म्हणून सबंध वर्ग एकाच कामाभोवती बांधावा. प्रत्येकाने घरचा एक जुना फोटो आणायचा, तो स्कॅन करायचा, फाइलला नीट नाव द्यायचे, फोटोची नोंद लिहायची आणि प्रती ठेवायच्या. माऊस, टायपिंग, फोल्डर, ईमेल, पासवर्ड हे सगळे या वाटेवर आपोआप भेटते.

त्यासाठी दोन-दोन तासांची सहा सत्रे पुरतात. ती आठवड्यातून दोनदा घ्यावीत, म्हणजे तीन आठवड्यांत वर्ग संपतो. आठवड्यातून एकदाच वर्ग ठेवला तर नवख्या माणसाचा माऊसवर बसलेला हात मधल्या सात दिवसांत जातो आणि पुढच्या सत्राचा पहिला अर्धा तास उजळणीतच सरतो.

प्रवेश आणि गट

नावनोंदणी फक्त ऑनलाइन ठेवू नका. ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याच्यासाठीच तर वर्ग आहे. तिकीट खिडकीवर वही ठेवा आणि फोनवरूनही नावे घ्या. नाव घेतानाच दोन प्रश्न विचारा: ‘एखादी फाइल सेव्ह करून दुसऱ्या दिवशी ती परत शोधली आहे का?’ आणि ‘मोबाइलमधला फोटो कधी संगणकात घेतला आहे का?’ दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर नवशिक्यांचा गट, दोन्हींचे ‘हो’ असेल तर पुढचा गट. एकच ‘हो’ असेल तर नवशिक्यांतच घ्या, तिथे तो माणूस शेजाऱ्याला मदत करत शिकतो. ‘संगणक येतो का?’ असे मोघम विचारले तर संकोचाने अर्धे लोक ‘थोडाफार’ म्हणतात आणि गट चुकतो.

एका गटात दहा जण, शिकवणारा एक, मदतनीस एक. बारा जणांपर्यंत निभावते. त्यापुढे मागच्या रांगेतला माणूस हात वर करून बसून राहतो आणि पुढच्या सत्राला येत नाही. मदतनीसाला एक नियम पक्का सांगा: शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. बोटाने स्क्रीनवर दाखवायचे, तोंडाने सांगायचे, क्लिक शिकणाऱ्यानेच करायचे. घाईत मदतनीस स्वतः दोन क्लिक करून मोकळा होतो. काम होते, पण शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खोली, वीज, जाळे

कागद, कापड किंवा जलरंगातली चित्रे मांडलेल्या दालनात वर्ग घेऊ नये. अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, तर वाचायला आणि कीबोर्ड पाहायला ३०० ते ५०० लक्स हवा. दोन्ही एका खोलीत जमत नाही. सभागृह किंवा कार्यशाळेची खोली घ्या. टेबले अशी लावा की खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे न येता बाजूला येईल. समोर आली तर काचेवर उजेड चमकतो, मागे आली तर डोळे दिपतात.

जुन्या इमारतीत विजेची जोडणी आधी तपासून घ्या. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १५० वॉट धरले तर दहा संगणकांचे दीड किलोवॉट होतात, त्यात प्रोजेक्टरचे ३०० मिळवा. हाच भार लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या चार्जरवर साडेसहाशेवर येतो, त्यामुळे निवड हातात असेल तर लॅपटॉप घ्या आणि प्रत्येकाला वेगळा माऊस द्या. टचपॅडवर नवख्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड खोचणे पूर्णपणे टाळा. ज्या लाइनवर दालनातले दिवे किंवा धोक्याची घंटा आहे तिच्यावर वर्गाचा भार टाकू नका. एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडला तर वर्गाबरोबर सुरक्षाही बंद पडते.

जाड दगडी भिंतींतून वायफाय नीट येत नाही. एकाच वेळी बारा यंत्रे जोडली की दुबळा सिग्नल पार कोलमडतो. शक्य असेल तर केबल टाका आणि ती भिंतीकडेने टेपने चिकटवा. तेही जमत नसेल तर पहिली पाच सत्रे इंटरनेटशिवाय चालतील अशीच आखा. या अभ्यासक्रमात ते सहज शक्य आहे.

यंत्रांची तयारी

दहा जणांसाठी बारा यंत्रे ठेवा. दोन जादा असली की बिघडलेले यंत्र बाजूला ठेवून वर्ग पुढे नेता येतो. आदल्या दिवशी प्रत्येक यंत्र सुरू करून सगळे अपडेट होऊ द्या आणि पुन्हा सुरू करून पाहा. हे केले नाही तर नेमक्या वर्गाच्या वेळी निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसावे लागते.

मग या गोष्टी सगळ्या यंत्रांवर सारख्या करा. अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के. माऊसचा बाण मोठा. डबल क्लिकचा वेग सर्वांत कमी, कारण दोन क्लिकच्या मध्ये हात हलला किंवा उशीर झाला की फाइल उघडण्याऐवजी तिचे नाव बदलण्याची चौकट येते आणि माणूस घाबरतो. स्लीपची, म्हणजे न वापरता यंत्र आपोआप झोपी जाण्याची, वेळ दोन तासांपुढे. डेस्कटॉपवर फक्त चार चिन्हे. फाइलच्या नावामागचे शेपूट, म्हणजे ‘.जेपीजी’ किंवा ‘.टिफ’ (हे चित्राच्या फाइलीचे दोन प्रकार), दिसेल अशी सेटिंग चालू करा, ते चौथ्या सत्रात लागते.

सार्वजनिक यंत्रांवर असे सॉफ्टवेअर बसवलेले असते की यंत्र बंद करून सुरू केले की ते मूळ स्थितीत येते. विषाणू आणि खोडसाळपणा यांच्यावर तो चांगला उपाय आहे. पण कोणी डेस्कटॉपवर सेव्ह केलेला स्कॅनही त्यात पुसला जातो. म्हणून सेव्ह करण्याची जागा पहिल्याच दिवशी ठरवून द्या: प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर, तोही त्या पुसण्याच्या कक्षेबाहेरच्या ड्राइव्हवर किंवा संग्रहालयाच्या सर्व्हरवर. वर्ग सुरू होण्याआधी स्वतः एक फाइल तिथे ठेवा, यंत्र बंद-सुरू करा आणि फाइल राहिली का ते पाहा.

पेन ड्राइव्ह लोक घरून आणतात. तो थेट वर्गातल्या यंत्रात लावू देऊ नका. दाराशी नेटवर्कच्या जाळ्यापासून तोडलेले एक यंत्र ठेवा, तिथे पेन ड्राइव्हमध्ये विषाणू नाहीत ना ते तपासा, मगच आत.

पहिली तीन सत्रे

पहिल्या सत्रात माऊस, खिडकी मोठी-लहान करणे, एक ओळ लिहिणे, सेव्ह करणे, बंद करणे आणि तीच फाइल पुन्हा उघडणे. एवढेच. शेवटची क्रिया प्रत्येकाकडून तीनदा करून घ्या. त्यासोबत कंट्रोल आणि झेड शिकवा. चूक मागे घेता येते हे कळले की माणसाची भीती निम्मी होते, आणि वाकलेले खांदे सरळ झालेले समोर दिसतात.

दुसरे सत्र टायपिंगचे. हाताळणी संचात टाइपरायटर असेल तर तो इथे बाहेर काढा. प्रदर्शनातला नव्हे, हाताळण्यासाठी वेगळा ठेवलेला. नवखी माणसे शिफ्ट दाबतात, सोडतात आणि मग अक्षर दाबतात. त्यामुळे वरचे चिन्ह उमटतच नाही. टाइपरायटरवर शिफ्ट दाबून धरली की आतला भाग डोळ्यांदेखत सरकतो आणि सोडली की जागेवर येतो. ती धरून ठेवायची का असते, हे एकदा बोटांना कळले की पुन्हा सांगावे लागत नाही.

मराठी लिहिण्यासाठी एका गटातल्या सगळ्यांना एकाच पद्धतीचा कीबोर्ड द्या. ज्यांनी कधीच टाइप केलेले नाही त्यांना इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी) बरा: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. जे मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात त्यांच्या गटाला उच्चारावर चालणारा कीबोर्ड द्या. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस बार. इनस्क्रिप्टमध्ये अडते ते ठरावीक ठिकाणी, म्हणून ती आधीच फळ्यावर लिहून ठेवा:

– ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर दाबायची. ‘कि’साठी आधी के, मग एफ. हाताने लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, त्या सवयीने उलटे दाबले तर ठिपक्यांचे वर्तुळ येते.
– हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, डी या कळेवर. ‘क्र’ म्हणजे के, डी, जे. ‘र्क’ म्हणजे जे, डी, के. तीच तीन बटणे, फक्त क्रम उलटा.
– ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ होते.
– ल एनवर, ळ शिफ्ट धरून एनवर.

सरावाला वर्तमानपत्रातला उतारा देऊ नका. दालनातल्या एखाद्या वस्तूची पाटी वाचून यायला सांगा आणि ती टाइप करून घ्या. चाळीस-पन्नास शब्दांची पाटी पुरते.

तिसरे सत्र फाइल, फोल्डर आणि मोबाइल. अँड्रॉइड फोन केबलने जोडला तरी संगणकात फोटो दिसत नाहीत ही तक्रार हमखास येते. फोन आधी फक्त चार्जिंगवर असतो. वरून सूचनांचा पडदा खाली ओढून यूएसबीचा पर्याय ‘फाइल ट्रान्सफर’ करावा लागतो. तरीही दिसले नाही तर केबल बदला, काही केबलींत फक्त वीज जाते. आयफोनवरचे फोटो बहुधा एचईआयसी प्रकारचे असतात आणि जुन्या विंडोजवर उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीजीत येतात.

फाइलचा आकार समजावायला संग्रहातल्या वस्तूंसारखे साधन नाही. फ्लॉपी नावाची जुनी साडेतीन इंची डिस्क हातात द्या: तिच्यात १.४४ एमबी मावते (बाइट हे साठवणीचे छोटे माप, एमबी म्हणजे साधारण दहा लाख बाइट). पंच कार्ड, म्हणजे भोके पाडून माहिती साठवायचे जुने कार्ड, असेल तर तेही द्या. ८० स्तंभ, म्हणजे ८० अक्षरे. संगणकात अक्षरे साठवण्याच्या आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘संग्रहालय’ या शब्दात अनुस्वार, हलन्त आणि काना धरून नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. आता ही आकडेमोड पुढच्या सत्रातल्या स्कॅनपर्यंत ताणता येते.

स्कॅनिंगचे सत्र

या चौथ्या सत्रात घाई नको. नवख्या हाताला एक फोटो ठेवणे, प्रिव्ह्यू पाहणे, चौकट लावणे, स्कॅन करणे आणि नाव देणे यांना चार-पाच मिनिटे लागतात. एकच स्कॅनर असेल तर दहावा माणूस पाऊण तास वाट बघतो. तीन स्कॅनर ठेवा आणि बाकीच्यांना तोवर कागदावर नोंदीचा मसुदा लिहायला द्या.

हात धुऊन कोरडे करा, फोटो कडांनी धरा. चकचकीत फोटोवर बोटाचा ठसा उमटला की तो तसाच राहू शकतो. काच कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. डाग असेल तर द्राव कापडावर घ्या, काचेवर कधीच ओतू नका, तो कडेने आत झिरपतो. बाक आलेला फोटो झाकणाने दाबून सपाट करू नका. वरचा थर तडकतो. झाकण उघडे ठेवून वरून काळे कापड टाका, किंवा सरळ कॅमेऱ्याने वरून फोटो घ्या. अल्बमच्या चिकट पानाला घट्ट बसलेला फोटो ओढून काढू नये, अख्खे पान स्कॅन करावे.

सेटिंग अशी: ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० बिंदू), रंगीत २४ बिट (म्हणजे प्रत्येक बिंदूला तीन बाइट), टिफ. कृष्णधवल फोटोही रंगीतच घ्या. त्याची तपकिरी झाक, पिवळे डाग, शाईचा रंग हे सगळे माहितीच असते. स्कॅनरची ‘ऑटो करेक्शन’, ‘शार्पन’, ‘धूळ काढा’ ही सगळी मदत बंद करा. ती चेहऱ्यावरचा तीळ धूळ समजून पुसून टाकू शकते. चौकट फोटोच्या कडेपासून थोडी बाहेर ठेवा, म्हणजे कड कापली गेली नाही हे पाहणाऱ्याला कळते. आणि मागची बाजू न विसरता स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या हातची दोन ओळी, बहुतेक वेळा फोटोची खरी ओळख तिथेच असते.

१० बाय १५ सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला २३६२ बाय ३५४३ बिंदूंचा होतो. म्हणजे सुमारे ८४ लाख बिंदू, प्रत्येकाला तीन बाइट, एकूण २५ एमबी. मघाच्या फ्लॉपीच्या हिशेबाने अठरा फ्लॉप्या. हा गुणाकार लोकांकडूनच करून घ्या. टिफ ही मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही. पाठवायला, सजवायला, उजळ करायला तिच्यापासून वेगळी जेपीजी काढायची.

नाव आणि नोंद

स्कॅनर देतो ते ‘स्कॅन०००१’ हे नाव तिथल्या तिथे बदलले नाही तर पुढे कधीच बदलले जात नाही. नावाचा साचा एकच ठेवा: वर्ष, विषय, क्रमांक, बाजू. उदाहरणार्थ १९६२_लग्न_००१_पुढे आणि १९६२_लग्न_००१_मागे. मध्ये मोकळी जागा नको, तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह नको. क्रमांक तीन आकडी ठेवा, नाहीतर काही प्रोग्रॅम १० ला २ च्या आधी लावतात. आकडे एकतर सगळे देवनागरी किंवा सगळे इंग्रजी वापरा. संगणकाला ती वेगळी चिन्हे वाटतात आणि शोधताना एक सापडते तर दुसरे हरवते. वर्ष नक्की माहीत नसेल तर नावात ०००० घाला आणि अंदाज नोंदीत लिहा.

पाचवे सत्र नोंदीचे. त्यासाठी साधी तक्त्याची फाइल पुरते. स्तंभ हे: फाइलचे नाव, कोण कोण आहे, कुठे, केव्हा, फोटो कोणी काढला, मूळ फोटो आता कुणाकडे, ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा स्तंभ लोकांना अनावश्यक वाटतो, पण तोच सर्वांत मोलाचा. ‘आत्याने सांगितले’ आणि ‘मागे लिहिलेले होते’ यांच्या भरवशात फरक आहे, आणि वीस वर्षांनी दोन माहित्या जुळल्या नाहीत तर निवाडा त्यावरूनच होतो. माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहा: ‘बसलेले’, ‘उभे’. बायकांची नोंद ‘अमक्याची बायको’ अशी करू देऊ नका. तिचे स्वतःचे नाव लिहा. माहीत नसेल तर विचारून आणायला सांगा, ते विचारायला घरात अजून कोणी असेल तोवरच ते काम होणार आहे.

तक्त्यात एक खोडी येते: ‘०५-१२’ लिहिले की प्रोग्रॅम तिची तारीख करून टाकतो. लिहायच्या आधी तो स्तंभ निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. आणि तक्ता सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढायचा असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्या, साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

प्रती, पाठवणे, सुरक्षितता

सहाव्या सत्रात इंटरनेट येते. नवीन ईमेल खाती वर्गात उघडायला बसू नका. एकाच जोडणीवरून पाठोपाठ दहा खाती उघडू लागली की कंपन्यांच्या यंत्रणेला संशय येतो आणि मध्येच अडवणूक होते. शिवाय ओटीपी येतो तो फोन घरी असतो किंवा जाड भिंतींत रेंज नसते. ज्यांना खाते हवे त्यांना आधी एकेकट्याला बोलावून मदत करा. वर्गात लॉग इन केलेल्या प्रत्येकाकडून शेवटी साइन आउट करून घ्या, आणि ब्राउझरने ‘पासवर्ड जपून ठेवू का?’ विचारले तर ‘नाही’. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, शिकवणाऱ्यालाही नाही. हे शिकवणाऱ्याने स्वतः पाळून दाखवावे: तो आकडा उमटला की त्याने मान फिरवावी.

फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना तो नेहमीसारखा पाठवला तर आकार घटतो आणि फाइलच्या आत साठलेली तारखेसारखी माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दोन्ही रीतींनी पाठवून दोन्ही फाइलींचे आकार शेजारी शेजारी पाहायला लावा.

प्रती तीन: एक घरच्या संगणकात किंवा हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर, तिसरी घराबाहेर, क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठवणीत) किंवा बहिणीच्या घरी. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढायचा. तो काढल्यावर लगेच दुसऱ्या यंत्रात लावा आणि टिफ, जेपीजी आणि तक्ता या तिन्ही फाइली उघडून पाहा. कॉपी झाल्याचे दिसले तरी फाइल उघडतेच असे नाही. ही तपासणी झाल्याशिवाय कुणाचाही वर्ग पुरा झाला असे धरू नका.

लोकांच्या घरच्या फोटोंच्या प्रती संग्रहालयाच्या यंत्रांवर राहतात. त्या कधी पुसल्या जातील ते पहिल्या दिवशी लेखी सांगा आणि त्या तारखेला पुसा. एखादा फोटो संग्रहासाठी हवासा वाटला तर त्याची परवानगी वेगळ्या कागदावर, वर्ग संपल्यानंतर मागा. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात ती घालू नका. वर्गात बसायचे असेल तर फोटो द्यावा लागेल, असे कुणाला वाटता कामा नये.

वर्ग संपल्यावर महिनाभर आठवड्यातून एक तास खोली उघडी ठेवा. मदतनीस एक, शिकवणे नाही, फक्त अडलेले विचारायचे. घरी दुसरा फोटो स्कॅन करायला बसलेला माणूस जिथे अडतो ते प्रश्न याच तासात कळतात. ते लिहून ठेवा आणि पुढच्या गटाच्या सत्रांत त्यांना जागा करून द्या.